दहा दिवसांचा शाकाहार

वाचन : दानीएल १:८-१६, रोमकरांस अध्याय १४

मांसाहाराची सवय असलेल्याने शाकाहार करून पाहावा काय, असा प्रश्न भिवापूरच्या मंडळीत निघाला. दानीएलाने राजाचे अन्न नाकारून दहा दिवस शाकान्न व पाणी यांवर काढले. आम्हीही तितकेच दिवस मांस सोडून पाहिले.

पहिले तीन दिवस जीभ कुरकुरली. मग ध्यानात आले की, तिला ओढ होती ती रश्श्याची! भिवापुरी मिरचीचा तोच मसाला पाटवडीच्या रश्श्यात पडताच तक्रार निम्मी झाली. मात्र नुसत्या भातावर व ठेच्यावर राहू नये. तुरीचे वरण, हरभरा, भाकर व पालेभाजी असावी. दूधदहीही असावे, कारण ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाही.

खरा मोह सातव्या दिवशी आला. शेजारच्या घरी मटण शिजत होते, आणि 'आम्ही यांच्याहून बरे' असा विचार मनास शिवला. आम्ही लज्जित झालो. रोम येथील मंडळीत खाणारे व न खाणारे एकमेकांस हिणवू लागले, तेव्हा पौलाने त्यांस आवरले ते याचसाठी.

पंडिता रमाबाई १८८३ साली बाप्तिस्मा घेतल्यावरही शाकाहारीच राहिल्या. तारण मात्र त्यांनी ख्रिस्तात शोधले, ताटात नव्हे.

तर बंधुभगिनींनो, हा प्रयोग अवश्य करा. मांसाचे वाचलेले पैसे डाळीच्या रूपाने एखाद्या गरजू घरी पोहोचवा, आणि शेजाऱ्याच्या ताटात डोकावू नका.