गुलाबी नोटेतली चिप

नोव्हेंबर 2016. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी दोन हजारांची पहिली गुलाबी नोट आली, तेव्हा लेक सहा वर्षांची होती. मी स्टुलावर चढून नोट ट्यूबलाइटपुढे धरली आणि तिला ऐटीत सांगितलं, "हे बघ, यात चिप आहे. जमिनीखाली 120 मीटर पुरली तरी उपग्रहाला कळतं." टीव्हीवर ऐकलं होतं ना! ती डोळे बारीक करून बघत राहिली. "दिसत नाही गं, आई." मी म्हटलं, "इतकी लहान असते ती."

चिप नव्हतीच. रिझर्व्ह बँकेनं नोटेच्या खुणा जाहीर केल्या होत्या. त्यांत रंग बदलणारा धागा होता, बारीक अक्षरं होती, चिपचं नावही नव्हतं. पण ते पत्रक वाचायला वेळ कुणाला? पुढे 19 मे 2023 ला ती नोट मागे घेणार अशी बातमी आली. आठवीत जाणारी लेक जेवता जेवता म्हणाली, "मग आता चिपचं काय?" घास घशातच अडकला. साडेसहा वर्षं तिनं ते लक्षात ठेवलं होतं. नोटबंदी का झाली, बाबा किती तास रांगेत होते, यातलं तिला काही आठवत नाही. स्टुलावरची आई मात्र आठवते.

पालकहो, तेव्हापासून मी बातमीपेक्षा आमच्या घरातली बोलणी ऐकू लागले. ती फारशी बरी नव्हती.

त्याच वर्षी आमच्याकडे छत्तीसगडमध्ये 7 आणि 17 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. ऐन त्यात महादेव बेटिंग अॅपचं प्रकरण पेटलं आणि 5 तारखेला केंद्रानं त्याच्यासह 22 अॅप आणि संकेतस्थळं बंद केली. आमचे मामंजी एका पक्षाचे, भाऊजी दुसऱ्याचे. रविवारचा पोहा-जलेबीचा नाश्ता ताटात गार व्हायचा, इतका वाद. कोण अडकणार, कुणाची सीट जाणार, सगळं झालं. पण सट्ट्यासाठी 'आयडी घेणं' म्हणजे काय, हरलेला पैसा कुणाच्या खात्यातून कुठे जातो, हे त्या पंधरा दिवसांत एकाही मोठ्या माणसानं मुलांना सांगितलं नाही. मीही नाही.

पुढे ओळखीतल्या एका घरी ते भलत्याच वाटेनं कळलं. कॉलेजातल्या मुलानं मित्राच्या शब्दावर पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम 5 हजारांत 'भाड्यानं' दिलं. खातं गोठलं तेव्हा आईबापांना पत्ता लागला. त्याची आई सारखी म्हणायची, "त्यानं कुणाचा पैसाही चोरला नाही हो." खरं होतं ते. पण चोरीचा पैसा त्याच्या खात्यातून गेला होता आणि पोलिसांच्या कागदावर खातेदाराचंच नाव असतं. ही एवढी गोष्ट तुमच्या मुलाला माहीत आहे का? आज रात्री विचारून बघा.

शेअर बाजाराचं आमच्या घरी याच्या उलट. तिथे वाद नाही, नुसतं मौन. सेबीनं सप्टेंबर 2024 मध्ये सांगितलं की 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी 93 टक्के तोट्यात गेले आणि सरासरी तोटा माणशी सुमारे 2 लाख होता. आमचे हेही त्या 93 मधलेच, रक्कम लहान एवढंच. लेकीनं "बाबा, मार्केट पडलं का?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "तुला काय करायचंय, अभ्यास कर." मी बरेच दिवस मागे लागले, तेव्हा एका रविवारी त्यांनी तिला खात्याचं स्टेटमेंट दाखवलं. ती बोट फिरवत खाली आली आणि म्हणाली, "घाटा झाला तरी ब्रोकरेज घेतात?" हे म्हणाले, "घेतात." त्या एका शब्दात ती जे शिकली, ते माझ्या दहा व्याख्यानांत शिकली नसती.

आमच्या राज्य सरकारच्या महतारी वंदन योजनेत महिलांना महिन्याला हजार रुपये मार्च 2024 पासून सुरू झाले. आमच्याकडे कामाच्या बाई फरशी पुसत होत्या आणि कुणीतरी सोफ्यावरून म्हणालं, "फुकटचे पैसे." नंतर नागपूरच्या मावशीला लाडकी बहीणचे दीड हजार आले, तेव्हा तेच कुणीतरी फोनवर अभिनंदन करत होतं. लेक काही बोलली नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं.

आता माझी ताजी फजिती. अर्थमंत्री एका गुंतवणूक योजनेची शिफारस करताहेत असा व्हिडिओ आला. साडी तीच, आवाज तोच. मी तो महिलांच्या ग्रुपवर टाकला. दहावीतल्या लेकीनं दोनदा पाहिला. "आई, ओठ आणि शब्द जुळत नाहीत." असे बनावट व्हिडिओ फिरताहेत हे सरकारच्या पीआयबीनं आधीच सांगितलं होतं. मला वाटलं, गुपचूप डिलीट करावा. पण ती शेजारीच उभी होती. मग ग्रुपवर लिहिलं, "वरचा व्हिडिओ खोटा आहे. मी न तपासता टाकला, चुकले. कुणी पैसे भरले असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा." एवढ्या तीन ओळींना मला अर्धा तास लागला. लेक म्हणाली, "हे तू नोटेच्या वेळीच म्हणायचं होतंस."

नवा रायपूरमध्ये एआय डेटा सेंटरचं भूमिपूजन झालं तेव्हा तिनं विचारलं होतं, "मला तिथे काम मिळेल?" जुनी मी असते, तर कोडिंगच्या क्लासची फी भरून मोकळी झाले असते. या वेळी "मला माहीत नाही" म्हटलं. मग दोघींनी बसून तिथे नेमकं काय होणार आहे ते वाचलं. निम्मं कळलं.

गुलाबी नोट अजून आहे, तिच्या जुन्या कंपासपेटीत. चालते म्हणे, पण बदलायची तर रिझर्व्ह बँकेचं नोटा बदलून देणारं कार्यालय लागतं, आणि आम्हाला जवळचं नागपूर. दिवाळीत जाणार आहोत. लेक म्हणते, नोट घरीच राहू दे.