बिबट्याविषयीची चर्चा आणि हेत्वाभास

जे कारण वरवर पटते, परंतु निष्कर्ष सिद्ध करू शकत नाही, त्यास न्यायशास्त्रात हेत्वाभास म्हणतात. सदोष कारणांवर ग्रामसभेने निर्णय घेतला, तर त्याची किंमत साऱ्या गावाला मोजावी लागते. शिरूर व दौंड तालुक्यांच्या ऊसपट्ट्यात बिबट्याविषयी होणाऱ्या चर्चेवरून हे स्पष्ट होईल.

डिसेंबर २०२४ मध्ये दौंड तालुक्यात उसाच्या शेताजवळ एका महिलेचा मृतदेह आढळला. परिसरात बिबट्याचा वावर असल्याने मृत्यू त्याच्या हल्ल्यातच झाला, असे प्रारंभी सांगण्यात आले. न्यायवैद्यक तपासणीत मात्र त्यास आधार मिळाला नाही व पोलिसांनी २०२५ मध्ये खुनाचा गुन्हा नोंदविला. वावर खरा होता. परंतु जेथे हल्ला होत नाही तेथेही वावर असतो. अशा कारणास 'सव्यभिचार' हेतू म्हणतात.

बिबटे पकडून दूर सोडले की हल्ले थांबतील, हा दुसरा युक्तिवाद. शिरूर तालुका ज्या जुन्नर वनविभागात मोडतो, तेथे २००१ पासून हा उपाय मोठ्या प्रमाणावर योजण्यात आला. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार, पूर्वी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. २००१ ते २००३ या काळात ही सरासरी १७ वर गेली. केवळ एकामागून एक घडले म्हणून कार्यकारण मानणे हा काकतालीय न्याय ठरला असता. अभ्यासकांनी म्हणूनच हल्ल्यांची स्थळे व काळही तपासले. बिबटे सोडलेल्या जागांजवळही हल्ले आढळले. दूर सोडलेला बिबट्या निरुपद्रवी होतो, हे गृहीतच 'असिद्ध' होते.

पुरावा मागणाऱ्यास "तुम्हाला माणसापेक्षा बिबट्या प्यारा आहे" असे सुनावणे, म्हणजे त्याच्या शब्दांस भलताच अर्थ चिकटविणे, हा 'छल' होय. लोकांची भीती मात्र निराधार मानता येणार नाही. शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लहान मुलांसह माणसे बळी पडली. जिवाचा प्रश्न असेल तेथे चुकीचा उपाय अधिक घातक ठरतो.

यास्तव सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी व शिक्षकांनी ठराव मतास टाकण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: सांगितलेले कारण कोणी पडताळले आहे काय? तेच कारण असूनही परिणाम घडला नाही, अशी उदाहरणे आहेत काय? उत्तर मुद्द्याला दिले जात आहे, की बोलणाऱ्याला?