ग्रॅज्युएशन झालं, आता परदेशी जायचंय? आधी कागदावर हिशेब मांडा

या आठवड्याच्या व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून बाकीचं इथे सविस्तर लिहितोय. शेजारी वही-पेन घेऊन बसा. आकडे बरेच आहेत.

आता कुणी विचारेल, बिझनेसच्या चॅनेलवर परदेशी जायचा विषय कशाला? कारण सरळ आहे. बी.कॉम., बीबीए, बी.एस्सी. झालेला मुलगा वीस लाख रुपये घालून कॅनडाला जातो तेव्हा तो धंदाच करत असतो. भांडवल घालतो, कर्ज उचलतो, जोखीम घेतो आणि काही वर्षांनी परतावा मिळेल अशी अपेक्षा धरतो. फरक एवढाच की दुकान टाकणारा निदान प्रोजेक्ट रिपोर्ट तरी बनवतो. परदेशी जाणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे एजंटने दिलेलं चकचकीत ब्रोशर सोडून काहीच नसतं. माझ्या दुकानात झेरॉक्सला येणाऱ्या मुलांच्या फायली मी रोज बघतो. मार्कशीट असते, आधार असतं, वडिलांचा सात-बाराही असतो. हिशेबाचा कागद मात्र क्वचितच दिसतो.

आणि हो, जाऊ नका असं सांगायला मी हे लिहीत नाहीये. कोकणातला माणूस पोटासाठी समुद्र ओलांडत आलाय ते आजचं नाही. मॉरिशसला ऊसमळ्यांवर मजूर म्हणून मराठी माणसं गेली ती एकोणिसाव्या शतकात. आपल्याच रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्रायल 1948 नंतर इस्रायलला गेले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडकडे आखातात माणूस नाही असं घर शोधावं लागेल. कर्जत-खालापूरच्या आतल्या पट्ट्यात मात्र ही वाट तशी नवीन. घरात कुणी गेलेलं नसतं, त्यामुळे खरं-खोटं विचारायलाही कुणी नसतं. एजंटचं फावतं ते इथेच.

पहिला प्रश्न स्वतःला विचारा: मला शिकायचंय, कमवायचंय, की कायमचं राहायचंय? या तीन गोष्टींचे व्हिसा वेगळे, खर्च वेगळे, आणि मिळणारं उत्तरही वेगळं. "आधी शिकायला जाऊ, मग बघू" असं म्हणणाऱ्याला खरं तर राहायचं असतं, पण तो पैसे शिक्षणाचे भरत असतो. राहायचंच असेल तर शिक्षणानंतर किती महिने थांबता येतं आणि त्यानंतर काय, हे त्या देशाच्या नियमात आधी वाचा.

वीस लाखांचं कर्ज म्हणजे नक्की किती?

समजा 20 लाख कर्ज घेतलं, व्याज 11 टक्के, मुदत 10 वर्षं. हप्ता येतो साधारण 27,550 रुपये. पण शैक्षणिक कर्जात हप्ता लगेच सुरू होत नाही. कोर्स आणि त्यानंतरचे काही महिने सूट असते. लोकांना वाटतं ही सूट फुकट आहे. तसं नाही, व्याज चढतच असतं, वर्षाला 2 लाख 20 हजार. दोन वर्षं कोर्स आणि सहा महिने नोकरी शोधण्यात गेले, सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली आणि मधे व्याज भरलं नाही, तर साडेपाच लाख मुद्दलात मिळतात. आता तुम्ही साडेपंचवीस लाखांचे कर्जदार झालात आणि हप्ता झाला जवळपास 35,100. शक्य असेल त्यांनी शिकत असतानाच दर महिन्याचं व्याज भरत राहावं. घरून दोन-पाच हजार भरले तरी शेवटी फरक पडतो.

म्हणजे तिकडे नोकरी लागली तर 35 हजार काढणं जड नाही. पण नोकरी न लागता परत आलात, आणि खोपोलीच्या एखाद्या कंपनीत पंचवीस हजारावर लागलात, तर? हा "तर" कागदावर लिहा. धंद्याच्या भाषेत आपण याला वाईटात वाईट परिस्थिती म्हणतो. ती घरच्यांना झेपणार असेल तरच पुढे जा.

तारणाचंही बघा. सरकारी बँका साधारण साडेसात लाखांच्या वर तारण मागतात. घर, फ्लॅट, एनए प्लॉट, एफडी चालते. भातशेतीची जमीन बहुतेक बँका घेत नाहीत. मग काय होतं? कर्जतच्या आसपास फार्महाऊससाठी जमिनीला गिऱ्हाईक तर रोज दारात उभं आहे. दहा गुंठे विकून टाकू, पोरगं तिकडे कमवेल आणि परत घेईल, असा विचार होतो. माझं मत रोखठोक आहे. पहिल्या प्रयत्नासाठी जमीन विकू नका. कोर्स चुकला तर दुसरा घेता येतो. विकलेले दहा गुंठे पाच वर्षांनी त्याच भावात कुणी देत नाही. आणि त्या जमिनीवर बहिणीचाही हक्क आहे, तिला विचारलंय का?

शिष्यवृत्तीचा विचार आपल्याकडे सगळ्यात शेवटी होतो, तो आधी करा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, मराठा समाजासाठी सारथीची आहे, इतर प्रवर्गांसाठीही योजना आहेत. जागा मोजक्या असतात आणि विद्यापीठ जागतिक क्रमवारीत वरचं लागतं. त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका.

जर्मनी: सध्या सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. सुरुवातीला 10,000 तरुणांचं लक्ष्य होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसाची वार्षिक संख्या 20,000 वरून 90,000 पर्यंत नेण्याचं जाहीर केलं. बातमी खरी आहे. पण जाहीर झालेली संख्या म्हणजे तुमच्या नावाची नोकरी नव्हे. तिथे मागणी आहे ती नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर, स्वयंपाकी अशा हातांना. निव्वळ बी.कॉम.वर कुणी बोलावत नाही.

मग ग्रॅज्युएटला तिकडे तीन दारं उरतात. पहिलं, पुढचं शिक्षण. सरकारी विद्यापीठात बहुतेक राज्यांत ट्यूशन फी नसते. गंमत म्हणजे आपला करार झालेल्या बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला 1,500 युरो फी आहे. फी नसली तरी ब्लॉक्ड अकाउंट लागतं. त्यात वर्षाचे 11,904 युरो आधी भरायचे, युरो शंभर रुपये धरला तरी साधारण 12 लाख. हा खर्च नाही, हे तुमचंच खेळतं भांडवल आहे. तिकडे पोचल्यावर महिन्याला 992 युरो याप्रमाणे ते तुम्हालाच परत मिळतं. पण आधी उभं करावं लागतं ना! शिवाय भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र लागतं. आपली पदवी तीन वर्षांची असते, ती प्रत्येक मास्टर्सला चालतेच असं नाही. फी भरण्याआधी त्या विद्यापीठाला ईमेल करून विचारा.

दुसरं दार म्हणजे आउसबिल्डुंग. कंपनीत काम करत शिकायचं, आठवड्यातले काही दिवस शाळेत, बाकी कामावर. दोन ते साडेतीन वर्षं, आणि दर महिन्याला विद्यावेतन. पदवीधर मुलांना हे कमीपणाचं वाटतं, "मी बीबीए करून बेकरीत शिकू का?" म्हणतात. मला विचाराल तर ज्याला पुढे स्वतःचा धंदा करायचाय त्याच्यासाठी यापेक्षा चांगली शाळा नाही. हातात कसब येतं, खिशातून फी जात नाही. अट एकच, जर्मन भाषा, आणि ती साधारण बी1 पातळीपर्यंत.

तिसरं, ऑपॉर्च्युनिटी कार्ड, जून 2024 पासून सुरू. एक वर्ष तिकडे राहून नोकरी शोधायची, तोवर आठवड्याला 20 तास काम चालतं. वय, भाषा, अनुभव यांचे मिळून 6 गुण लागतात, आणि 2025 च्या दराने महिन्याला 1,091 युरोप्रमाणे वर्षाचे पैसे दाखवावे लागतात. कागदावर जर्मन ए1 किंवा इंग्रजी बी2 पुरेसं आहे. पण ए1 वर दुकानात पाव मागता येतो, नोकरीची मुलाखत देता येत नाही. अनुभव नसलेल्या ताज्या ग्रॅज्युएटने तेरा लाख घालून हे कार्ड घेणं मला पटत नाही. आधी इथे दोन वर्षं काम करा, भाषा शिका, मग बघा. भाषेसाठी मुंबई-पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, त्यांचे ऑनलाइन वर्गही आहेत. नोकरी सांभाळून बी1 ला साधारण वर्ष धरा.

बाकीचे देश, थोडक्यात

ब्रिटनचा एक पर्याय आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही: इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीम. वय 18 ते 30, पदवी, आणि खात्यात 2,530 पौंड. वर्षाला 3,000 जागा, चिठ्ठी पद्धतीने निवड, चिठ्ठीत नाव टाकायला पैसे लागत नाहीत. नंबर लागला की व्हिसा आणि आरोग्य सरचार्ज भरायचा. दोन वर्षं राहता येतं, काम करता येतं, लहान प्रमाणात स्वतःचा व्यवसायही चालतो. मुदत मात्र वाढत नाही. फुकटची चिठ्ठी आहे, टाकायला हरकत काय? ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसाही असाच चिठ्ठीवर, भारतीयांसाठी वर्षाला 1,000 जागा, नाव नोंदवायचे 25 ऑस्ट्रेलियन डॉलर.

जपानचा स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर व्हिसा हॉटेल, शेती, वृद्धांची देखभाल, इमारत सफाई अशा कामांसाठी आहे. जपानी एन4 किंवा जेएफटी-बेसिक आणि कामाची परीक्षा द्यायची. पहिल्या टप्प्यात पाच वर्षांपर्यंत राहता येतं, कुटुंब नेता येत नाही. पाच वर्षांत भांडवल जमवून परत यायचं असेल तर हा पर्याय मनावर घ्या.

कॅनडाने 2024 पासून विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. सप्टेंबर 2025 पासून एका विद्यार्थ्याला फी सोडून 22,895 कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. कॉलेज डिप्लोमानंतरचं वर्क परमिट आता ठरावीक विषयांनाच मिळतं. तीन वर्षांपूर्वी गेलेल्या मावसभावाचा सल्ला आज चालणार नाही. अमेरिकेत सप्टेंबर 2025 मध्ये बाहेरून येणाऱ्या नवीन एच-1बी अर्जांवर 1 लाख डॉलर शुल्क लागलं. आयटीत नसाल तर तिकडे फार वेळ घालवू नका.

आखात आणि एजंट

कर्जतच्या रिसॉर्टमध्ये दोन सीझन काम केलेल्या, हॉटेल मॅनेजमेंटवाल्या मुलांना दुबई, कतारमध्ये खरोखर संधी आहे. आणि यात भांडवल सगळ्यात कमी लागतं. नोंदणीकृत रिक्रूटिंग एजंटला घेता येणारी फी कायद्याने जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे 35,400. दीड लाख मागणारा तुमच्या अडाणीपणाची किंमत लावतोय एवढं समजा. ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर एजंटचं नाव आणि परवाना क्रमांक तपासता येतो. तिथे नाव नसेल तर चहा पिऊन परत या.

"व्हिजिट व्हिसावर चला, तिकडे गेल्यावर वर्क व्हिसा करून देतो" हे वाक्य ऐकलं की उठा. थायलंडमध्ये डेटा एन्ट्रीची नोकरी सांगून मुलांना म्यानमारच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेलं गेलं. मार्च 2025 मध्ये अशा शेकडो भारतीयांना हवाई दलाच्या विमानाने परत आणावं लागलं. त्याआधी 5 फेब्रुवारी 2025 ला अमेरिकेने लष्करी विमानाने 104 भारतीयांना अमृतसरला उतरवलं, त्यातले तिघे महाराष्ट्रातले होते. या लोकांनीही कुणातरी एजंटला पैसे मोजलेच होते.

शेजारचा रकाना

आता वहीच्या त्याच पानावर उजवीकडे आणखी एक रकाना आखा. तेच वीस लाख इथे. पीएमईजीपीत सेवा उद्योगाचा प्रकल्प 20 लाखांपर्यंत बसतो. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला 25 टक्के, महिला, ओबीसी, एससी, एसटी वगैरेंना 35 टक्के अनुदान. म्हणजे पाच ते सात लाख, जे तीन वर्षं बाजूला ठेव म्हणून राहतात आणि मग कर्जात वळते होतात. स्वतःचे फक्त 10 किंवा 5 टक्के. धंदा बुडू शकतो, हे मी इतरांपेक्षा जास्त जाणतो. पण जोखीम दोन्हीकडे आहे, तर दोन्ही रकाने भरल्याशिवाय निर्णय कसा घ्यायचा?

ठरत नसेल तर या तीन महिन्यांत कमी पैशाची कामं उरकून घ्या. पासपोर्ट काढा, साधा अर्ज 1,500 रुपये. नाव दहावीच्या मार्कशीटवर, आधारवर आणि पासपोर्टवर अक्षर न् अक्षर सारखं हवं. वडिलांच्या नावाचं स्पेलिंग एका ठिकाणी वेगळं असलं तरी पुढे महिने जातात. मुंबई विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट कलिन्याहून मागवा, त्याला वेळ लागतो. एका भाषेचा पहिला वर्ग लावा. ही भाषा इथे राहिलात तरी वाया जात नाही, पुण्या-मुंबईत जर्मन आणि जपानी येणाऱ्याला काम मिळतंच.

वर दिलेले आकडे 2025 च्या अखेरचे आहेत, फॉर्म भरायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी साइटवर पुन्हा बघा. पुढच्या व्हिडिओत या दोन रकान्यांचा कागद मी प्रत्यक्ष भरून दाखवणार आहे, एक बी.कॉम. आणि एक आयटीआय झालेल्याचा. तोवर तुमचा भरून ठेवा, म्हणजे ताडून बघता येईल.