औषध की विष?

नागपूरहून अमरावतीकडे येताना वाटेत गुरुकुंज मोझरी लागते. पावसाळ्यात या भागात कपाशी, सोयाबीन आणि तुरीच्या शेतांत पाठीवर पंप घेतलेली माणसे दिसतात. त्यांना विचारा, "काका, काय करता?" उत्तर येईल, "औषध मारून राह्यलो."

तुमच्या घरीही 'चूहे मारने की दवा' म्हणतातच ना? दवा म्हणजे औषध. औषधाने रोग बरा होतो. जीव घेते ते विष, म्हणजेच जहर. 'जहर' हा शब्द मराठीतही चालतो. पण 'विषारी', 'विषबाधा' हे शब्द 'विष' पासूनच बनले आहेत.

पंपात जे असते ते विष. त्याला औषध म्हटले, की मनातली भीती कमी होते. मग कोणी ते उघड्या हातांनी कालवतो, तर कोणी रिकाम्या डब्यात पाणी भरतो. हे विष केवळ तोंडावाटे नव्हे, तर श्वासातून आणि कातडीतूनही शरीरात जाते. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती. सारा दोष एका शब्दाला देता येणार नाही.

'औषध' या शब्दाने आणखी एक घोटाळा होतो. कीड मारते ते कीटकनाशक, तण म्हणजे पिकातले नको असलेले गवत मारते ते तणनाशक. बोलताना मात्र दोन्ही 'औषध'च! मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाची बाधा झाली, तर डॉक्टर अॅट्रोपिनचे इंजेक्शन देतात. पॅराक्वाट या तणनाशकावर मात्र कोणताही उतारा नाही. म्हणून दवाखान्यात "औषध पोटात गेले" एवढेच सांगून भागत नाही. डब्यावरचे नाव सांगावे लागते.

डब्यावर रंगीत त्रिकोणही असतो. लाल सर्वांत घातक. मग पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक, असे मात्र समजू नका.

स्वाध्याय
गाळलेल्या जागी औषध, कीटकनाशक, तणनाशक यांपैकी योग्य शब्द लिहा.
(१) कपाशीवर बोंडअळी पडली, म्हणून बाबांनी ------ आणले.
(२) सलमाला ताप आला, म्हणून डॉक्टरांनी ------ दिले.
(३) सोयाबीनमध्ये गवत माजले, म्हणून काकांनी ------ फवारले.