रोज सारखेच खावे की कमी-जास्त?

"डॉक्टर, माझे सोमवार आणि गुरुवार असे दोन उपास वर्षानुवर्षे चालू आहेत, तरी वजन काही उतरत नाही." तीन महिन्यांपूर्वी एका बाईंनी दवाखान्यात येऊन ही तक्रार केली. वय ४२, उंची पाच फूट एक इंच, वजन ७८ किलो. गुडघे दुखू लागले होते आणि रक्तदाबही वरच्या बाजूला झुकला होता. मी औषध न देता त्यांना शंभर पानी वही घ्यायला सांगितली. आठवडाभर तोंडात जे जाईल ते सारे तीत लिहायचे, चहासुद्धा.

आठवड्याने वही आली, तेव्हा आम्ही दोघांनी बसून उष्मांकांची म्हणजे कॅलरींची बेरीज केली. साध्या दिवशी त्या साधारण १,७०० कॅलरी खात होत्या. उपासाच्या दिवशी मात्र आकडा २,२०० च्या पुढे गेला होता! त्यांचा विश्वास बसेना, म्हणून उपासाच्या दिवसाचा हिशेब पुन्हा मांडला.

साबुदाण्याच्या खिचडीची एक बशी घ्या. तीत ६० ग्रॅम कोरडा साबुदाणा असेल तर त्याच्या २१० कॅलरी. ३० ग्रॅम दाण्याच्या कुटाच्या १७०, दोन चमचे तुपाच्या ९० आणि बटाट्याच्या फोडींच्या ४०. एका बशीत ५१० झाल्या. बाईंनी दीड बशी खाल्ली होती. दोन केळी, बटाट्याचा तळलेला चिवडा, साखर घातलेला दोन वेळचा चहा, आणि संध्याकाळी उपास सोडताना शिऱ्यासह भरलेले ताट. "एकादशी, दुप्पट खाशी" असे आपले लोक उगीच म्हणत नाहीत. उपासामागची श्रद्धा हा माझा विषय नव्हे आणि तिला कमी लेखण्याचा हेतूही नाही. पण वजन उतरवण्यासाठी उपास करत असाल, तर ताटात काय पडते ते पाहावे लागेल.

आता आठवड्याची बेरीज पाहू. पाच दिवस १,७०० प्रमाणे ८,५०० आणि दोन उपासांचे ४,५०० मिळून १३,००० झाले. सरासरी काढली तर रोजचे सुमारे १,८५०. या बाईंचे वय, वजन आणि घरकाम लक्षात घेता त्यांच्या शरीराचा रोजचा खर्चही १,९०० च्या आसपास आहे. जमा आणि खर्च जवळपास सारखे, म्हणून काटा जागचा हलत नव्हता.

रोज सारखेच कमी खाण्याऐवजी काही दिवस बरेच कमी आणि काही दिवस थोडे जास्त खाऊन वजन उतरवण्याची पद्धत हल्ली बरीच बोलली जाते. तिच्याबद्दल असेही सांगतात, की असे केल्याने शरीर 'फसते', त्याला कमी अन्नाची सवय होत नाही आणि चरबी भराभर जळते. यात खरे किती?

शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते, हे खरे आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी १९४४-४५ साली ३६ तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवून याचा अभ्यास केला. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले आणि शरीराचा विश्रांतीतला खर्चही खूप खाली आला. मात्र त्यातला मोठा भाग शरीरच लहान झाल्यामुळे कमी झाला होता. लहान घराला दिवाबत्ती कमी लागते, तसेच हे. याखेरीज काही काटकसर शरीर आपणहून करते, पण मधूनच एक दिवस जास्त खाल्ल्याने ती नाहीशी होते असे मानायला भक्कम आधार नाही.

या पद्धतीची परीक्षाही झाली आहे. २०१७ साली अमेरिकेत १०० लठ्ठ व्यक्तींवरील एका वर्षाच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका गटाने एक दिवस गरजेच्या चौथा हिस्सा आणि दुसऱ्या दिवशी गरजेपेक्षा सव्वापट खायचे, तर दुसऱ्या गटाने रोज सारखेच, गरजेच्या पाऊणपट खायचे होते. तिसऱ्या गटाच्या खाण्यात बदल केला नव्हता. वर्षअखेर पहिल्या दोन्ही गटांचे वजन जवळपास सारखेच, पाच ते सहा टक्क्यांनी उतरले होते. अभ्यास अर्धवट सोडणारे मात्र एक दिवसाआडच्या गटात अधिक होते, १०० तले ३८. रोज सारखे खाणाऱ्यांत ते २९ होते. त्याआधी २०११ साली इंग्लंडमध्ये १०७ स्त्रियांवर अभ्यास झाला होता. त्यात आठवड्यातून दोन दिवस फार कमी खाणाऱ्यांना आणि रोज थोडे कमी खाणाऱ्यांना सहा महिन्यांनी जवळपास सारखेच यश आले होते.

कमी-जास्त खाण्यात जादू नाही, पण तोटाही नाही. शरीराचा हिशेब किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीसारखा चालतो. रोजच्या रोज चुकता होत नसला तरी अखेरीस बेरीज होतेच. आपल्याकडे सणवार, लग्नकार्ये, रविवारचे सामिष जेवण आणि पाहुणेराऊळे असताना रोज मोजून १,५०० कॅलरी खाणे फार थोड्यांना जमते. एक दिवस मोडला की "आता गेलेच सगळे" म्हणून लोक पथ्यच सोडतात. मला या पद्धतीचा खरा उपयोग तिथेच दिसतो.

बाईंना मी दिवसाची सरासरी १,५०० धरून आठवड्याला १०,५०० कॅलरी ठरवून दिल्या. सोमवार-गुरुवार प्रत्येकी १,०००, रविवारी २,१०० आणि उरलेले चार दिवस १,६००. उपास मोडावे लागले नाहीत, फक्त खिचडी गेली. दिवसा बिनसाखरेचा चहा, वाटीभर वरईचा भात, दोन पेले ताक, कुटाशिवाय काकडीची कोशिंबीर, एक पेरू आणि लहान मूठभर दाणे. रात्री उपास सोडताना एक ज्वारीची भाकरी, वाटीभर मुगाची आमटी, पालेभाजी आणि दही. सासूबाईंना हे मुळीच पटले नाही. "खिचडी नाही तर तो उपास कसला?" असे त्यांनी सुनेला बजावले म्हणे. रविवारी मात्र दोन पुरणपोळ्या तूप घालून खायला मी मोकळीक दिली होती, त्यामुळे घरातले वातावरण निवळले.

कमी खाण्याच्या दिवशी डाळ, ताक, दही, अंडे यांत कपात करू नये. कपात भात, तेल, साखर आणि तळलेल्या पदार्थांत करावी. प्रथिने कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

काट्याविषयीही सांगायला हवे. रविवारच्या जेवणानंतर सोमवारी सकाळी वजन एखाद्या किलोने वाढलेले दिसते आणि लोक घाबरतात. एका दिवसात एक किलो चरबी चढायला गरजेपेक्षा सुमारे ७,७०० कॅलरी जास्त खाव्या लागतील. एवढे जेवण कोणी करत नाही. वाढते ते पाणी. शरीर साखरेचा साठा यकृतात आणि स्नायूंत करते आणि त्यातील प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. मिठानेही पाणी साठते. कडक उपासानंतर एका रात्रीत उतरलेले वजनही बहुतांशी पाणीच असते. म्हणून वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर करावे.

या बाईंचे वजन पहिल्या महिन्यात १ किलो २०० ग्रॅम उतरले. दुसऱ्या महिन्यात नात्यात दोन लग्ने झाली आणि काटा अर्ध्या किलोवरच थांबला. तिसऱ्यात पुन्हा सव्वा किलो. तीन महिन्यांत तीन किलो ऐकायला थोडे वाटते, पण जिना चढताना गुडघे पूर्वीइतके कुरकुरत नाहीत असे त्या सांगतात.

हे वाचून कोणी परस्पर सुरुवात करणार असेल तर आधी एक गोष्ट ऐका. एका आषाढी एकादशीला दुपारी बाराच्या सुमारास ६६ वर्षांच्या एका गृहस्थांना रिक्षातून माझ्याकडे आणले. घामाने अंग भिजलेले, बोलणे असंबद्ध. घरच्यांना वाटले, अर्धांगाचा झटका आला. रक्तातील साखर पाहिली तर ४८! निर्जळी उपास होता आणि मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी मात्र त्यांनी नेमाने सकाळीच घेतली होती. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांत ते मुलाला नावाने हाक मारू लागले. आणखी दोन तास घरीच गेले असते तर काय झाले असते, हे सांगवत नाही. या गोळीचा परिणाम तासन् तास टिकतो आणि साखर पुन्हा घसरू शकते, म्हणून त्यांना रात्रभर देखरेखीखाली ठेवले.

ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी कमी खाण्याचा दिवस ठरवण्यापूर्वी डॉक्टरांकडून मात्रा बदलून घ्यावी. डापाग्लिफ्लोझिनसारखी लघवीवाटे साखर काढणारी औषधे चालू असतील, तर लांब उपासाने रक्तात घातक आम्ल साचू शकते, म्हणून तेही विचारून घ्यावे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढत्या वयाची मुले, मुळातच कृश असलेली माणसे यांनी या वाटेला जाऊ नये. मधुमेही माणसाला उपासाच्या दिवशी हातापायांना कंप सुटला, दरदरून घाम आला, तर उपास मोडेल की राहील याचा विचार न करता तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजावी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच द्यावी आणि दवाखाना गाठावा. शुद्ध हरपलेली असेल तर मात्र तोंडात काहीही न घालता तडक उचलून आणावे.