हरल्यावर काय पाहावे?

'सेकिरो' हा २०१९ साली आलेला जपानी व्हिडिओ गेम. सुरुवातीलाच गेनिचिरो नावाचा सरदार नायकाचा डावा हात तोडतो. पुढे आशिना किल्ल्याच्या माथ्यावर तोच पुन्हा वाट अडवतो. इथे भलेभले अडकतात.

नुसते पुन्हा पुन्हा धडकून तो हटत नाही. त्याचे वार ठरावीक आहेत. बाण कधी, उडी कधी, भोसकणे कधी, हे हरता हरताच कळते. घाबरून लांब राहिले तर त्याचा तोल सावरतो. जवळ राहून प्रत्येक वार वेळेवर अडवला तर ढळतो. शेवटच्या फेरीत तो वीज सोडतो. ती उडी मारून हवेतच झेलायची आणि पाय टेकण्याआधी त्याच्यावरच उलटवायची!

खेळात शत्रू तोच राहतो, आयुष्यात अडचण रूप बदलते, हे खरे. पण दहावीला गणितात नापास झालेल्या मुलाला आपण "पुन्हा बस" एवढेच सांगतो. कोणत्या पायरीवर अडलास, हे विचारतो का? निकालानंतर मुदतीत अर्ज केला तर बोर्डाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते. ती मागवून त्याच्या शेजारी बसावे.