पोटाचे औषध घेतल्यावर उलटी का होते



पोट शांत व्हावे म्हणून घेतलेल्या औषधानंतर उलटी झाली, की घरातली माणसे दोनपैकी एक गोष्ट धरून चालतात. एक तर औषध बाधले, नाहीतर औषध पोटात टिकले नाही, म्हणून पुन्हा द्यायला हवे. दोन्ही निष्कर्ष घाईचे असतात. उलटीमागे औषधाचा स्वतःचा गुण असतो, घेण्याची रीत असते, दोन औषधांची पडलेली गाठ असते, किंवा ज्या दुखण्यावर औषध घेतले त्या दुखण्याचीच ती पुढची पायरी असते. औषधाच्या दुकानात काउंटरवर बसणाऱ्याला ही कारणे वेगवेगळी ओळखता आली पाहिजेत. चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या औषधाच्या बाबतीत रुग्णाला थांबवून चार प्रश्न विचारू शकणारे दुसरे कोणी वाटेत नसते.

उलटीचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतून सुटतो. तिथे वार्ता पोहोचण्याच्या वाटा मुख्यतः तीन. पहिली वाट जठर आणि आतड्याच्या अस्तरातून निघते. अस्तर ताणले गेले किंवा त्याला चुरचुरले, की व्हेगस नावाच्या मज्जातंतूतून ती खबर वर जाते. दुसरी वाट रक्ताची. लंबमज्जेजवळ एक छोटा भाग असा आहे, की तिथे रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा विरळ असतो. रक्तातले अपायकारक द्रव्य तिथे लगेच हेरले जाते. तिसरी वाट चव, वास, भीती, आठवण आणि कानातल्या तोलयंत्रणेची. हुकूम सुटला की तोंडाला पाणी सुटते, मळमळते, कोरडे उमाळे येतात आणि मग पोटाचे स्नायू व श्वासपटल दोन्ही बाजूंनी जठर दाबतात. पोटाची नेहमीची औषधे या तिन्ही वाटांनी उलटी घडवू शकतात.

पहिल्या वाटेचे सर्वांत सोपे उदाहरण खायच्या सोड्याचे. जठरातले आम्ल आणि सोडा एकत्र आले की मीठ, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. १ ग्रॅम सोडा पुरता खर्च झाला, तर शरीराच्या उष्णतेला सुमारे ३०० मिलिलिटर वायू निघतो. घरात चमच्याने मोजून घेतला जाणारा सोडा सहज ४-५ ग्रॅम भरतो. सगळा वायू एका क्षणात निघत नाही, कारण तेवढे आम्ल पोटात तयार नसते. तरी निघतो तेवढाही भरल्या पोटाला पुष्कळ होतो. लग्नाची पंगत उठल्यावर पोट तट्ट झाले म्हणून सोडा घेणारा माणूस आधीच ताणलेल्या पिशवीत आणखी हवा भरत असतो. ढेकर आली तर सुटका, नाहीतर ढेकरेबरोबर अन्नही वर येते. फार क्वचित जठर फाटल्याच्याही नोंदी वैद्यकात आहेत. म्हणूनच अमेरिकेत आम्लशामक म्हणून विकल्या जाणाऱ्या सोड्याच्या भुकटीवर ती पूर्ण विरघळल्याशिवाय घेऊ नये आणि पोट गच्च भरलेले असताना घेऊ नये, असा इशारा छापलेला असतो.

फसफसणाऱ्या पुडीत सोड्याबरोबर सायट्रिक आम्लही असते, त्यामुळे वायू पेल्यातच तयार होऊ लागतो. पुडी टाकल्याबरोबर फेसासकट घटाघट प्यायले, तर पेल्यात उडून गेला असता तो वायू पोटात जातो. पुडी पुरेशा पाण्यात टाकावी, बुडबुड्यांचा आवाज थांबून फेस बसू द्यावा आणि मग सावकाश घोट घ्यावेत. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्याला मात्र ही पुडी विचारल्याशिवाय देऊ नये. १ ग्रॅम सोड्यात सुमारे २७० मिलिग्रॅम सोडियम असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने दिवसभराच्या सोडियमची मर्यादा २ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितली आहे.

पोट साफ होण्यासाठी दिल्या जाणाऱ्या बिसाकोडिलच्या गोळीची कथा वेगळी आहे. हे औषध मोठ्या आतड्यात काम करते आणि जठराला बोचते. म्हणून गोळीवर एक खास लेप दिलेला असतो. तो जठरातल्या तीव्र आम्लात टिकतो आणि आम्ल ओसरलेल्या आतड्यात विरघळतो. रात्री गोळी घेतली की ६ ते १२ तासांनी, म्हणजे सकाळी, परिणाम दिसतो. आता त्याच माणसाला जळजळही होत असेल, तर तो गोळीबरोबर आम्लशामक औषधाचे दोन चमचे घेतो, किंवा सवयीने पेलाभर दूध पितो. जठरातले आम्ल मंदावते, लेपाला आतडे आल्यासारखेच वाटते आणि तो जठरातच सुटतो. पोटात मुरडा येतो, मळमळते, उलटी होते. दोन्ही औषधे आपापल्या जागी चांगली, पण त्यांची गाठ चुकीच्या वेळी पडली. गोळी चावू नये, फोडू नये, आणि तिच्या आगेमागे निदान १ तास दूध किंवा आम्लशामक घेऊ नये, एवढे वाक्य गोळ्या हातात ठेवताना सांगितले तर ती रात्र सुखाने जाते.

इसबगोलाच्या भुशीत बोचणारे काहीच नसते, पण ती पाणी पिऊन फुगते. चमचाभर भुशी घोटभर पाण्यात ढवळून ठेवली, तर थोड्याच वेळात चमचा उभा राहील असा चिकट गोळा होतो. हाच गोळा अन्ननलिकेत झाला, तर घास अडकल्यासारखे होते, छाती दाटते, उमाळे येतात. किमान एक पूर्ण पेला पाण्यात भुशी ढवळून लगेच प्यावी, वर आणखी पाणी घ्यावे आणि घेतल्याबरोबर आडवे होऊ नये. ज्याला आधीपासूनच गिळायला त्रास होतो, त्याला ती देऊच नये.

लहान मुलांच्या जुलाबात दोन औषधे सर्वांत मोलाची, आणि दोन्हींनंतर उलटी होऊ शकते. पहिले ओआरएस. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण पिंपांतून पुरवून नातेवाइकांकरवी रुग्णांना पाजले आणि असंख्य जीव वाचवले. द्रावण तेव्हापासून सिद्ध झालेले आहे. चुकते ते पाजणे आणि कालवणे. तहानलेले मूल पेला ओढून घेते, एका दमात संपवते आणि ताणलेले जठर सगळे परत फेकते. आई म्हणते, ‘ओआरएस सोसत नाही.’ खरे तर वेग सोसलेला नसतो. अशा वेळी १० मिनिटे थांबावे आणि मग दर २-३ मिनिटांनी एकेक चमचा द्यावा. एवढ्या सावकाश दिलेले बहुधा टिकते, आणि मधूनच एखादी उलटी झाली तरी बरेचसे पाणी आत मुरलेले असते.

कालवण्यातली चूक पाकिटाच्या आकारातून होते. बाजारात सुमारे ४ ग्रॅमची लहान पुडी २०० मिलिलिटर पाण्यासाठी आणि सुमारे २१ ग्रॅमची मोठी पुडी १ लिटरसाठी मिळते. मोठी पुडी एका पेल्यात कालवली, तर द्रावण जवळजवळ पाचपट घट्ट होते. ते जठरातून लवकर पुढे सरकत नाही, मळमळ वाढवते आणि रक्तातले सोडियम धोकादायक पातळीवर नेऊ शकते. म्हणून पुडी देताना घरात मोजायला काय आहे, हे विचारावे. १ लिटरची पाण्याची बाटली बहुतेक घरांत सापडते. तीच मापाला घ्यायला सांगावी.

दुसरे औषध झिंकचे. जुलाब झालेल्या मुलाला १० ते १४ दिवस रोज २० मिलिग्रॅम, आणि ६ महिन्यांच्या आतील बाळाला १० मिलिग्रॅम झिंक द्यावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली केली. आशा आरोग्यसेविका ओआरएसबरोबर झिंकचीच गोळी देतात. झिंकला धातूची तुरट चव असते, म्हणजे इथे तिसरी, चवीची वाटही येते, आणि त्याचे क्षार रिकाम्या जठराला चुरचुरतात, त्यामुळे काही मुले ती घेतल्यावर ओकतात. गोळी चमचाभर उकळून निवलेल्या पाण्यात किंवा आईच्या दुधात ठेवावी, ती आपोआप विरघळू द्यावी आणि थोडे दूध किंवा अन्न पोटात गेल्यावर पाजावी. अर्ध्या तासाच्या आत मुलाने ओकून टाकले, तर एक गोळी पुन्हा देता येते. एका उलटीला भिऊन चौदा दिवसांचा क्रम दुसऱ्याच दिवशी सोडला, तर पुढच्या जुलाबापासून मिळणारे संरक्षण मुलाच्या हातचे जाते. हे घरच्यांना शांतपणे आणि पुन्हा पुन्हा सांगण्यासारखे आहे.

दुसरी वाट रक्ताची, आणि ती सर्वांत फसवी. १९१५ साली शिकागोच्या बर्ट्रम सिप्पी यांनी जठरव्रणावर एक उपचार प्रसिद्ध केला. दर तासाला दूध-साय आणि सोबत आम्लशामक क्षार, असा तो होता. व्रणाच्या वेदना थांबत, म्हणून तो जगभर चालला. १९२३ मध्ये हार्ट आणि रिव्हर्स या डॉक्टरांनी या उपचारातल्या काही रुग्णांचे वेगळेच हाल नोंदवले. त्यांना दुधाचा तिटकारा येई, डोके दुखे, मळमळे, उलट्या होत आणि मूत्रपिंडाचे काम बिघडे. पुढे याला दूध-अल्कली विकार असे नाव पडले. भरपूर कॅल्शियम आणि भरपूर क्षार एकत्र गेले की रक्तातले कॅल्शियम चढते, आणि चढलेले कॅल्शियम मळमळ व उलटी घडवते. रुग्णाला वाटते पित्त वाढले, म्हणून तो तेच औषध आणखी घेतो आणि चक्र घट्ट होत जाते.

आम्ल कमी करणारी नवी औषधे आल्यावर हा विकार मागे पडला, पण संपला नाही. हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या रोज घेणारी आजी जळजळीसाठी कॅल्शियम कार्बोनेटच्या चघळायच्या गोळ्याही मनाने घेत असेल, तर दोन्हींतले कॅल्शियम एकच असते. भूक मेली, बद्धकोष्ठ झाले, तहान व लघवी वाढली आणि उलट्या सुरू झाल्या, तर तिची सगळी औषधे एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्यावीत. मूत्रपिंड अधू असेल तर मॅग्नेशियमयुक्त आम्लशामकांबाबतही हीच सावधगिरी हवी. शरीराबाहेर न पडलेले मॅग्नेशियम मळमळ आणि ग्लानी आणते.

परदेशात, विशेषतः अमेरिकेत, घरोघरी आढळणाऱ्या गुलाबी औषधात बिस्मथ सबसॅलिसिलेट असते. त्यातले सॅलिसिलेट हे ॲस्पिरिनचेच भावंड. हृदयासाठी ॲस्पिरिन घेणाऱ्याने वर हेही घेतले, तर मात्रांची बेरीज होते. कानात गुणगुण आणि उलटी या तिच्या खुणा. फ्ल्यू किंवा कांजिण्या झालेल्या मुलाला हे औषध देऊ नये. अशा मुलाला उलट्या होऊन त्याचे वागणे बदलले, तर ती यकृत आणि मेंदूला ग्रासणाऱ्या रे सिंड्रोमची सुरुवात असू शकते. लेकीच्या बाळंतपणाला तिकडे गेलेल्या आजी-आजोबांना हे ठाऊक असायला हवे.

शेवटचे कारण सर्वांत महत्त्वाचे. पुष्कळदा उलटी आधीच वाटेत असते आणि औषध निमित्त ठरते. अपेंडिक्स, पित्ताशयातले खडे, स्वादुपिंडाचा दाह, आतड्याला पडलेला पीळ, मधुमेहातली आम्लता, गरोदरपणाचे पहिले महिने, या सगळ्यांची सुरुवात पोट बिघडल्यासारखीच दिसू शकते. हृदयविकाराचा झटकाही कित्येकदा पोटाच्या वरच्या भागात जळजळ, दाब, घाम आणि उलटी अशा रूपात येतो. वयस्कर, मधुमेही आणि स्त्री रुग्णांत हे अधिक दिसते. घरचे ‘गॅस झालाय’ म्हणून पुडी मागतात. पुडीनंतर उलटी होते आणि दुसरी पुडी मागायला माणूस येतो. त्या दुसऱ्या पुडीच्या वेळी घाम, धाप, जबडा किंवा हात दुखणे यांची चौकशी करणे, आणि एक जरी खूण असली तरी रुग्णाला तडक इस्पितळात पाठवणे, हे औषध देण्याइतकेच औषध देणाऱ्याचे काम आहे.

म्हणून उलटीची तक्रार आल्यावर ठरलेल्या क्रमाने विचारावे. काय घेतले, किती घेतले, पोट रिकामे होते की भरलेले, सोबत दुसरे कोणते औषध किंवा दूध घेतले, घेतल्यापासून किती वेळाने उलटी झाली, आणि औषधाआधी नेमके काय होत होते. औषधानंतर लगेच एकच उलटी झाली आणि मग माणूस मोकळा झाला, तर कारण बहुधा घेण्याच्या रीतीत असते. औषध थांबवावे, थोडा वेळ पोटाला विश्रांती द्यावी, मग पाण्याचे घोट घ्यावेत. औषध वारंवार घेतल्यावर हळूहळू मळमळ वाढत गेली असेल, तर रक्ताच्या वाटेचा संशय धरावा. उलटीत रक्त, कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट पदार्थ किंवा हिरवे पित्त दिसले, पोट लाकडासारखे कडक झाले, वारा सरेनासा झाला, लघवी थांबली, किंवा लहान मूल सुस्तावले, तर कोणतेही औषध देऊ नये आणि डॉक्टरांकडे पाठवावे. जाताना औषधाचे पाकीट, घेतल्याची वेळ आणि उलटीचा रंग कागदावर लिहून सोबत द्यावा. तपासणाऱ्या डॉक्टरांचा अर्धा तास त्या चिठ्ठीने वाचतो.